थोरली, धाकटा आणि आम्ही

पहिल्या मुलाच्या बाळपणाचे फोटो आणि दुसऱ्याच्या बाळपणाचे फोटो यांत किती फरक असतो, ते कोणत्याही घरी पाहायला मिळते. पहिले बाळ पालथे पडले त्याचा फोटो, रांगले त्याचा फोटो, उष्टावणाचा, जावळाचा, बोरन्हाणाचा. दुसऱ्याचेही फोटो असतात, पण बहुतेकांत ते कोणाच्या तरी मांडीवर, कडेला, अर्धे कापलेले. पूर्वी अल्बमात असे होते, आता मोबाइलमध्येही तसेच आहे. धाकटी मंडळी मोठी झाल्यावर यावरून आईबापांना टोमणे मारतात आणि आईबाप 'तेव्हा वेळच मिळत नव्हता रे' म्हणून सुटका करून घेतात.

वेळ मिळत नसतो हे खरेच. पण मला वाटते, त्यामागे आणखी एक कारण आहे. घरात एकच मूल असते तेव्हा आपण ते मूल पाहत असतो. दुसरे आले की नजर एकट्यादुकट्यावर ठरत नाही. ती दोघांच्या मध्ये जे काही चाललेले असते तिकडे वळते. हे जे मधले असते ते फोटोत सापडत नाही. ते ऐकावे लागते: दाराआडून, स्वयंपाकघरातून, वर्तमानपत्रात डोके खुपसून. आमच्याकडे थोरली आठ वर्षांची आहे, धाकटा साडेचार वर्षांचा. गेली साडेचार वर्षे मी हा उद्योग मन लावून करतो आहे आणि एका जुन्या डायरीत जमेल तसे टिपूनही ठेवतो आहे.

मुलांची वाढ टिपण्याचा हा नाद काही नवा नाही. चार्ल्स डार्विनला डिसेंबर १८३९ मध्ये पहिला मुलगा झाला. जगभरच्या प्राण्यांचे निरीक्षण करणाऱ्या या माणसाने पाळण्यातल्या प्राण्याचेही तसेच निरीक्षण केले, त्याचे शिंकणे, हसणे, रागावणे सगळे लिहून ठेवले आणि त्या नोंदींवरचा लेख तब्बल ३७ वर्षांनी, १८७७ मध्ये, 'माइंड' या नियतकालिकात छापला. स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांनी तर आपल्या दोन मुली आणि एक मुलगा यांच्या बाळपणाच्या नोंदींवर पुस्तके उभी केली. तेव्हा मी बऱ्यापैकी जुन्या परंपरेत आहे, अशी समजूत करून घेऊन घरच्यांची चेष्टा सहन करतो.

धाकटा जन्मला तेव्हा थोरली साडेतीन वर्षांची होती. बाळाला पाहायला येणारे पाहुणे हटकून एकच विनोद करत. 'काय गं, आता तुझे लाड संपले हं!' मोठ्यांना ही थट्टा वाटते. साडेतीन वर्षांच्या मुलीला ती बातमी वाटते. ती काही बोलली नाही. पण रात्री मला हळूच विचारले, "बाबा, ह्याला आपल्या घराचा पत्ता कुणी सांगितला?"

इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या परिसरात ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक या दोघींनी अशा चाळीस कुटुंबांचा अभ्यास केला होता. दुसरे बाळ येण्याच्या आधीपासून त्या घरोघरी जाऊन बसल्या. १९८२ मध्ये त्यांचे पुस्तक आले. त्यात एक निरीक्षण आहे. ज्या घरांत पहिल्या काही आठवड्यांत आई थोरल्याशी बाळाविषयी बोलत होती, बाळाला काय हवे असेल, ते का रडत असेल, त्याला काय आवडते असे त्याला एक माणूस समजून बोलत होती, त्या घरांतली भावंडे पुढे एकमेकांशी अधिक मायेने वागताना दिसली. गोष्ट किती साधी! आमच्या घरी ही युक्ती मुलांच्या आईने अभ्यास न वाचताच काढली होती. बाळ रडू लागले की ती थोरलीला विचारायची, "का रडत असेल गं?" थोरली गंभीरपणे निदान करायची. त्याला भूक लागली, त्याला झबले टोचते, त्याला आत्या आवडत नाही. एकदा म्हणाली, "त्याला पंखा बघायचाय." पंख्याखाली ठेवले तर काय, गप्प! त्या दिवसापासून घरात बाळाविषयीचा शेवटचा शब्द तिचा झाला. 'ह्याला पत्ता कुणी सांगितला' हा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

दुसरे मूल वाढू लागले की आईबापांना, आजीआजोबांना आणि शेजाऱ्यांना एक रोग जडतो, तुलनेचा. 'ही अकराव्या महिन्यात चालली, हा अजून बसल्या जागी सरकतोय.' आमचा धाकटा रांगला म्हणून नाहीच. बसल्या बसल्या एक पाय मागे ढकलत तो नावाड्यासारखा घरभर फिरायचा. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवण्यासारखे आहेत. निरोगी मूल आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ साधारण सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कुठेही असू शकतो. शंभरातली चारएक मुले तर हातागुडघ्यांवर रांगतच नाहीत, आणि त्यांचे काही अडत नाही. आमचा नावाडी पंधराव्या महिन्यात उभा राहिला, बहिणीच्या फ्रॉकचे टोक धरून चार पावले गेला आणि ती मैत्रिणीला बोलावायला धावली तसा आपटला. आम्ही तिघे मोठे हात पुढे करून महिनाभर 'ये ये' म्हणत होतो, त्याला कोणी धूप घातली नव्हती. त्याला आमच्याकडे यायचे नव्हते. त्याला ती जाईल तिथे जायचे होते.

भाषेची गंमत तर विचारू नका. दीड-दोन वर्षांचा असताना त्याचे बोलणे आम्हाला निम्मे कळायचे, थोरलीला सगळे. 'तातू' म्हणजे चाकू नव्हे, काजू. 'बूम' म्हणजे गाडी आणि 'बूऽम' म्हणजे वीज गेली. ती आमची दुभाषी होती. शिवाय त्याच्याशी बोलताना तिची भाषाच बदलायची. एरवी एका वाक्याला तीन 'आणि मग' जोडणारी ही मुलगी त्याच्याशी बोलताना दोन शब्दांवर यायची. "हे बघ. चेंडू. लाल चेंडू. दे मला." मेरिलिन शॅट्झ आणि रोशेल गेलमन या दोन संशोधिकांनी १९७३ मध्ये नेमके हेच दाखवून दिले होते. चार वर्षांची मुले मोठ्यांशी एक भाषा बोलतात आणि दोन वर्षांच्या मुलांशी बोलताना वाक्ये आपोआप तोडून छोटी, सोपी करतात. समोरच्याला किती झेपेल याचा अंदाज चार वर्षांच्या मुलाला असतो. पुष्कळशा वक्त्यांना तो साठीतही येत नाही.

पुढे धाकटा वाक्ये बोलू लागला आणि घरात व्याकरणाचा तास सुरू झाला. 'बाबा ऑफिसला जाला.' 'मी गाडी करली.' ही चूक दिसते, पण ती मोठी हुशारीची चूक आहे. 'जाला' किंवा 'करली' असे घरात कोणीही बोलत नाही, म्हणजे ते त्याने ऐकलेले नाही. बस-बसला, हस-हसला, पळ-पळाला हे ऐकून त्याने स्वतःच नियम काढला आणि तो सगळीकडे लावून टाकला. 'गेला' आणि 'केली' ही आपल्या भाषेची लहर आहे. नियमाने वागला तो बिचाराच.

पण खरी मौज झाली ती 'मी'ची. मराठीत 'मी' म्हणणाऱ्याला क्रियापदातून आपण बाई की पुरुष ते सांगावे लागते. आता दोन वर्षांच्या मुलाच्या कानावर दिवसभर 'मी' कोणाचा पडतो? आईचा, आजीचा आणि सर्वांत जास्त ताईचा. तेव्हा आमचे चिरंजीव 'मी येते', 'मी नाही जेवणार जा, मी खेळते' असे बोलत. शेजारी हसत. आजी कासावीस होई. "अरे, मुलगा ना तू? येतो म्हण, येतो." कोल्हापूरकडच्या पुष्कळ बायका 'मी जातो, मी येतो' असेच म्हणतात, तिकडची पोरे या पेचातून आपसूक सुटत असावीत. आमच्याकडे मात्र तो सव्वातीन वर्षांचा झाला तरी 'येते'च चालू. शेवटी एका दुपारी थोरलीने प्रश्न हातात घेतला. मी बाहेरच्या खोलीत होतो. संवाद जसाच्या तसा डायरीत आहे.

"हे बघ, आई नि मी 'येते'. बाबा नि तू 'येतो'."

"आणि आजी?"

"आजी पण येते."

"आणि कुत्रा?"

बराच वेळ शांतता. मग उत्तर आले, "कुत्रा 'मी' म्हणतच नाही ना."

मराठीतल्या प्रथमपुरुषाचे याहून नेटके विवेचन मी शाळेत ऐकलेले नाही. आठवड्याभरात धाकटा 'येतो'वर आला. आजीला हायसे वाटले. मला मात्र काही दिवस चुकल्यासारखे वाटत होते. त्या 'येते'मध्ये ताईसारखे व्हायची त्याची सगळी धडपड होती.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली एक नोंद. दोघांना कोकमचे सरबत दिलेले. धाकट्याने कुरकुर सुरू केली, "ताईला जास्त, मला कमी." खरे तर दोन्ही पेले सारखे होते. आई नव्याने ओतायला उठणार, तेवढ्यात थोरलीने फडताळातून एक उंच, चिंचोळा पेला काढला, त्याचेच सरबत त्याच्या देखत त्यात ओतले आणि समोर ठेवले. सरबत काठाला आले. धाकट्याचा चेहरा फुलला. "आता मला जास्त!" तो पिऊ लागला आणि थोरलीने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

पियाजे यांचा हाच तो प्रसिद्ध प्रयोग. मुलांच्या संख्याज्ञानावरचे त्यांचे पुस्तक १९४१ मध्ये निघाले, त्यात तो आहे. पसरट भांड्यातले पाणी उंच भांड्यात ओतले तर चार-पाच वर्षांच्या मुलाला ते वाढले असे वाटते. सहा-सातच्या पुढे केव्हातरी त्याला उमगते की, ओतल्याने काही वाढत नाही आणि घटत नाही. थोरली नुकतीच या पुलावरून पलीकडे गेली होती, धाकटा अजून अलीकडे होता. पण मला नवल वाटले ते निराळेच. सरबत तेवढेच आहे हे तिला कळत होते आणि त्याला ते तसे दिसत नाही हेही कळत होते. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्याहून वेगळे चित्र असू शकते, ही समज माणसाला जन्मभर पुरते. योसेफ पेर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडले की, भावंडांत वाढणाऱ्या लहान मुलांना ही समज लवकर येताना दिसते. यात आश्चर्य काय? आईबाप मुलाच्या मनातले ओळखून आधीच हातात देतात. भावंड देत नाही. त्याच्याकडून हवे ते मिळवायचे तर त्याच्या मनात शिरावेच लागते.

म्हणूनच भांडणांत फार लवकर पडू नये, असा आमच्या घरचा नियम आहे. काही फुटत नाही आणि कोणी रडून काळेनिळे होत नाही तोवर आम्ही बहिरे. त्यांनी आपसांत केलेले कायदे ऐकले की, वकिलांनी तोंडात बोटे घालावीत. एसटीच्या खिडकीचा कायदा असा होता. जाताना ताई, येताना तो. एकदा आजीला पोचवायला एसटीने गेलो आणि परत येताना ओळखीच्यांच्या गाडीतून आलो. धाकट्याची खिडकी बुडाली. रात्रभर त्यावर खल झाला आणि सकाळी दुरुस्ती जाहीर झाली. 'येताना एसटी नसली तर पुढच्या वेळी जाताना पण तो.' हे मी ठरवून दिले असते तर दोघेही रुसले असते.

आणि भांडणाइतकीच समजूतही त्यांची त्यांनाच घालता येते. मागच्या पावसाळ्यात थोरली एकदा शाळेतून आली ती तडक खोलीत गेली आणि कडी लावून बसली. जिवाभावाच्या मैत्रिणीने वाढदिवसाला सगळ्यांना बोलावले होते, हिला सोडून. आईने समजावले, आजीने लाडूचे आमिष दाखवले, मी बाहेर उभा राहून आयुष्यावर चार वाक्ये बोललो. दार उघडेना. मग धाकटा दाराशी जाऊन पालथा पडला आणि फटीतून एकेक वस्तू आत सरकवू लागला. मोराचे पीस. बसचे तिकीट. त्याच्या जिवापलीकडचे, वाघाचे चित्र असलेले कार्ड. मग बिस्किट. ते फटीतून जाईना. त्याने त्याचा चुरा केला आणि बोटाने चिमूट चिमूट आत ढकलला. तोंडाने एक शब्द नाही. थोड्या वेळाने आतून हुंदका की हसू कळेना असा आवाज आला आणि कडी निघाली.

आजी देवघरातून म्हणाली, "मुक्ताईनं ताटी उघडवली गं बाई."

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई. महाराष्ट्राला भावंडे म्हटली की आठवतात ती ही चार. आईबाप गेलेले, समाजाने दूर लोटलेली पोरे, एकमेकांच्या आधाराने वाढलेली. लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानदेव ताटी लावून आत बसले, तेव्हा सर्वांत धाकट्या बहिणीने बाहेरून आळवून त्यांना ती उघडायला लावली, अशी कथा आहे आणि त्या आळवणीचे ताटीचे अभंग आजही घरोघर गायले जातात. ज्याने साऱ्यांना शहाणपण सांगितले त्याला शहाणपणाची आठवण करून दिली ती धाकटीने. वयाची उतरंड प्रेमात चालत नाही, हे आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वीच सांगून झाले आहे.

तरीही ती उतरंड आपण मुलांवर लादतोच. 'तू मोठी आहेस ना, दे त्याला.' 'तू मोठी आहेस ना, सांभाळ जरा.' आणि ती मोठी मुलगी असली की याला कौतुकाचा मुलामा चढतो. 'किती गुणाची! अगदी आईसारखी बघते भावाला.' या कौतुकाची मला धास्ती वाटते. कारण त्याची किंमत किती मोठी असू शकते, हे महाराष्ट्रात कोणी तरी डोळसपणे पाहून ठेवले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या शेजारी गेले. अनुताई वाघ त्यांच्या बरोबर होत्या. तिथे त्यांना दिसले की, शाळेत जाण्याच्या वयाची मुले, विशेषतः मुली, येऊ शकत नाहीत, कारण आईबाप मजुरीला गेले की कडेवर धाकटे भावंड असते. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एका जागी आणली. तिला विकासवाडी म्हणत. कडेवरचे पाळणाघरात उतरायचे, त्याच्याहून मोठे बालवाडीत बसायचे आणि ताई मोकळ्या हातांनी पाटीवर लिहायची. थोरल्या बहिणीचे बाळपण तिला परत मिळवून देण्याचा इतका साधा आणि इतका मोठा उपाय दुसरा मी पाहिलेला नाही.

आमच्या घरी कोणी मजुरीला जात नाही, तरी थोरलीच्या कडेवर न दिसणारे ओझे चढायला वेळ लागत नाही. म्हणून भावाला सांभाळायला तिने 'नाही' म्हटले तर ते 'नाही' आम्ही मोजतो. मागे एकदा केस विंचरून घेताना ती आईला म्हणाली, "मला पण एक ताई पाहिजे होती." तक्रारीच्या सुरात नव्हे, नुसतेच. आता ती ताई आम्ही कुठून आणणार? पण त्या दिवसापासून रोज रात्री अर्धा तास ती कोणाचीही ताई नसते. धाकटा आजीकडे गोष्ट ऐकतो आणि ही आमच्या दोघांच्या मध्ये लोळत शेंडेफळ होते. भाऊबीजेला धाकट्याने हट्ट धरला की, ताई मला ओवाळते, मग मीही तिला ओवाळणार. आजी आधी 'असं नसतं रे' म्हणाली आणि मग तिनेच तबक खालून धरले, कारण निरांजन त्याच्या हातात हलत होते.

आता अशी जोडीची घरेही कमी होत चालली आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या १९९२-९३ च्या फेरीत महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी जवळजवळ तीन मुले होती. २०१९-२१ च्या फेरीत ती १.७ वर आली. यामागे बायकांचे शिक्षण आहे, त्यांच्या जिवाची काळजी आहे, महागाई आहे, आणि कोणाला किती मुले असावीत हे शेजाऱ्याने सांगायचे नसते. पण आपली भाषा या बाबतीत उदार आहे. मराठीत चुलतभाऊ हा भाऊच आणि मामेबहीण ही बहीणच. वाड्यातला, चाळीतला वरच्या मजल्यावरचा दादाही दादाच असे. शाळा मुलांना वयाप्रमाणे वर्ग पाडून बसवते, शिकवण्याही तशाच, खेळाचे क्लासही तसेच. एकट्या मुलाला आपल्याहून लहान कोणाला तरी बूट घालून देण्याची आणि आपल्याहून मोठ्या कोणाच्या तरी मागे धावण्याची संधी मिळावी, एवढे तर सोसायटीच्या अंगणात आणि आजोळच्या सुटीत आजही जमू शकते. फक्त मोठ्यांनी तिथे पंच म्हणून उभे राहू नये.

आयुष्याचा हिशेब मांडला तर आईबापांची सोबत पहिल्या अर्ध्यात सरते, जोडीदाराची नंतर सुरू होते. बाळपणापासून म्हातारपणापर्यंत पुरू शकणारे नाते भावंडांचेच. आम्ही नसू तेव्हा कोकमच्या सरबताची, एसटीच्या खिडकीची आणि बिस्किटाच्या चुऱ्याची आठवण या दोघांनाच असेल, आणि ती सांगायला दुसरे कोणी साक्षीदार लागणार नाही. आपल्या हयातीत आपल्याला ती घडताना पाहायला मिळते आहे, हे भाग्य लहान नव्हे.

अलीकडे माझ्या डायरीतल्या नोंदी मात्र विरळ होऊ लागल्या आहेत. आळस नव्हे. मी खोलीत शिरलो की दोघे बोलायचे थांबतात. थोरली भिंतीकडे पाहते, धाकटा तोंडावर हात दाबून हसू आवरतो आणि "काही नाही, काही नाही" म्हणतो. मी पाणी प्यायला आलो होतो असे दाखवून परत फिरतो. पाठीमागे दार लोटल्याचा आवाज येतो, आणि मग पुन्हा कुजबुज सुरू होते.